चालू ठेवण्याची बाजू

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणारा माणूस खुनी असतो, असं बातमीदार हात हलवून हलवून सांगत होता, तेवढ्यात पंचाच्या खिशातला फोन थरथरला. पंचाने तो टेबलाखाली धरून पाहिला. ताईचा निरोप होता. 'डॉक्टर उद्या सकाळी विचारणार आहेत. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं. मला काही म्हणजे काही सुचत नाही. तुला काय वाटतं ते सांग.' पंचाने तो दोनदा वाचला, फोन मांडीवर पालथा घातला आणि बातमीदाराला म्हणाला, "थांबलास का? पुढे बोल." आपला आवाज इतका नेहमीसारखा कसा निघाला, याचंच त्याला नवल वाटलं. बातमीदार पुढे बोलू लागला. कुठल्याशा कंपनीने म्हणे शुक्रवारी संध्याकाळी आपल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळीकडे पाठवून दिली आणि माणसं घरी गेली. शनिवारी सकाळी शेकडो दुकानांतली बिलं करायची यंत्रं काळी ठिक्कर. लोक भरलेल्या टोपल्या घेऊन उभे, आणि ज्याने रिलीज केलं तो पठ्ठ्या डोंगरावर, फोनला रेंज नाही. "डोंगरावर गेला हे चांगलंच केलं त्याने," काकू म्हणाली, "खाली असता तर लोकांनी टोपल्यांनी मारला असता." सगळे हसले. पंचही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की मांडीवरचा फोन गरम लागतोय. मग त्याला वाटलं, फोन गरम नाही, आपली मांडीच गार पडली आहे.

ही काचेची खोली मुळात बैठकांसाठी होती. पण तिचं थंड हवेचं यंत्र बिघडलेलं, त्यामुळे साहेब लोक तिथे फिरकत नसत, आणि दुपारच्या कॉफीच्या वेळेला ती या चौघांच्या मालकीची होई. मालकी कशासाठी, तर वाद घालायला. वाद म्हणजे तरी काय, पोट भरलेल्या माणसांचे वाद. कोडची ओळ आत सरकवायला टॅब मारावा की स्पेस. कोडमध्ये समजावणीच्या कॉमेंट लिहाव्यात, की ज्याला कॉमेंट लिहावी लागते त्याला कोडच लिहिता येत नाही. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने नंतर तपासावं, की दोघांनी शेजारी बसूनच लिहावं. आता यंत्रच प्रोग्रॅम लिहायला लागलं आहे, तर आपण भाजीचा गाडा कधी टाकायचा. बातमीदार पंचविशीतला, दात घासायच्या आधी जगभरच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचून टाकणारा. दुपारपर्यंत त्या पोटात ठेवणं त्याला जड जाई. काकू अजून चाळिशीलाही टेकली नव्हती, पण टेस्टिंगला बसल्यापासून सगळ्यांच्या कोडमधली खरकटी तीच काढत होती आणि काढताना ज्या शब्दांत उद्धार करायची, त्यावरून तिला हे नाव पडलं होतं. चौथा संत. तो सर्व्हर सांभाळी आणि दिवसाकाठी चारदोन वाक्यं बोले. आणि पंच म्हणजे पंच. वयाने थोरला, केस पांढरे होऊ घातलेले. वादात त्याने कधी बाजू घेतली नाही. तो निकाल देई. पद्धत अशी होती की जुन्या कीबोर्डचं उपटलेलं एक बटण टेबलावर उडवायचं. अक्षर वर आलं तर एक बाजू, पोकळ भाग वर आला तर दुसरी. आलेली बाजू निमूट घ्यायची आणि जीव तोडून लढवायची, मग ती पटो न पटो. स्वतःचं मत दाराबाहेर खुंटीला टांगून यायचं. आणि पंचाने तर ते आणायचंच नाही. जो चांगला भांडला, तो जिंकला. खरं काय नि खोटं काय, याच्याशी निकालाचा संबंध नाही. हा नियम पंचानेच घातला होता आणि तो इतका चोख पाळत असे की काकू एकदा म्हणाली होती, "पंच, तुमच्या लग्नात मुलगी तुम्ही पसंत केली होती, की ती चांगलं भांडली म्हणून निकाल दिलात?" तेव्हाही तो हसला होता. घरी जाऊन मात्र त्याने बराच वेळ विचार केला होता, आणि त्याला नक्की उत्तर सापडलं नव्हतं.

आता बातमीदार आणि काकू शुक्रवारवरून एकमेकांच्या झिंज्या धरत होते आणि पंचाच्या डोक्यात, त्याने न सांगता, दुसराच वाद उभा राहिला होता. यंत्र काढावं, कारण बाबांना आता कशाचीच जाणीव नाही. यंत्र ठेवावं, कारण जाणीव नाही हे बाहेरून कळतं, आतून कोण सांगणार? काढावं, कारण ताई झिजून काडी झाली आहे. ठेवावं, कारण डॉक्टर 'बरे होणारच नाहीत' असं कुठे म्हणाले, ते म्हणाले, सांगता येत नाही. मुद्दे पटापट सुचत गेले, दोन्हीकडचे, सारखेच धारदार. वर्षानुवर्षांची सवय. पण ताईने मुद्दे मागितलेच नव्हते. तिने विचारलं होतं, तुला काय वाटतं. पंचाने त्या सगळ्या मुद्द्यांच्या खाली हात घालून पाहिला. खाली काही लागेना. विहिरीत बादली सोडावी, दोर संपावा आणि तरी पाण्याचा आवाज येऊ नये, तसं झालं. तो घाबरला. बाप मरायला टेकल्याची भीती महिनाभर अंगवळणी पडली होती. ही भीती वेगळी होती.

बाबा नकाशे काढणारे. एका सरकारी कचेरीत, उतरत्या लाकडी टेबलावर वाकून त्यांनी जन्मभर शहराखालून जाणाऱ्या गटारांचे आणि नळांचे नकाशे काढले. माणूस मतांचा असा पक्का की टॉवेल कसा पिळावा यालाही त्यांच्याकडे एक बरोबर आणि एक चूक पद्धत होती. आईही, होती तोवर, काही कमी नव्हती. दोघांचं जुंपलं की स्वयंपाकघरात भांडी आणि बाहेरच्या खोलीत पट्ट्या आपटू लागत, आणि मग दोघांपैकी एकजण दारात येऊन त्याला म्हणे, "तूच सांग रे, कोणाचं बरोबर?" ताई हुशार, ती केव्हाच मैत्रिणीकडे पळालेली असायची. तो मध्येच सापडायचा, अभ्यासाचं पुस्तक उघडून. आईचं बरोबर म्हटलं तर बाबा दोन दिवस बोलत नसत. बाबांचं म्हटलं तर आई जेवत नसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग तो शिकला. तो म्हणू लागला, आईचं या दृष्टीने बरोबर आहे आणि बाबांचं त्या दृष्टीने. तो इतकं व्यवस्थित समजावून सांगे की भांडणाचा जोरच ओसरून जाई. नातेवाइकांत कौतुक झालं. पोरगं वकील होणार म्हणाले. फक्त बाबांना ते आवडलं नाही. मोठा झाल्यावर, कॉलेज कुठलं घ्यावं, नोकरी कुठली करावी, या प्रत्येक वेळी तो दोन्ही बाजू मांडून त्यांच्यासमोर उभा राहिला की बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "दाढी फुटली, मत फुटलं नाही अजून." हे ते चेष्टेत म्हणत. पण चेष्टा सारखी एकच केली की ती चेष्टा राहत नाही.

"पंच, निकाल!" बातमीदार टेबल वाजवत होता. पंचाने निकाल दिला. शुक्रवारी रिलीज करायला हरकत नाही असं काकू म्हणत होती, ती बाजू तिला पटत नसतानाही ती झकास भांडली होती, म्हणून ती जिंकली. पंचाला तिचे मुद्दे शब्दन् शब्द आठवत होते. आपण ते केव्हा ऐकले, हे मात्र आठवत नव्हतं. सगळे उठले. कप गोळा झाले. आणि तेव्हा, कसं कोण जाणे, पंच म्हणाला, "बसा जरा. आज अजून एक विषय आहे. माझ्याकडून."

पंचाने विषय दिला म्हणजे नवलच. बातमीदार चटकन खाली बसला. "एक जुनी सिस्टम आहे," पंच म्हणाला. "कुठली ते विचारू नका. एकेकाळी सगळं घर..." तो थांबला. "सगळी कंपनी तिच्यावर चालायची. आता ती काही करत नाही. निदान दिसत तरी नाही. स्वतःच्या जोरावर चालतही नाही, बाहेरून सारखा टेकू द्यावा लागतो. एक माणूस कायम तिच्यापाशी बसून असतं, आणि ते माणूस आता दमलंय. सुधारेल का? सांगता येत नाही. आणि एकदा बंद केली तर परत चालू होणार नाही. ठेवायची की बंद करायची?" बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. किती स्वच्छ मांडला गेला प्रश्न! त्यात ना औषधांचा वास होता, ना नळ्या, ना बाबांच्या हनुवटीवरचे न काढलेले पांढरे खुंट. हा प्रश्न सुटण्यासारखा होता. यात लबाडी आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण चौघांत बसून त्याने आजवर अवघड अवघड गाठी सोडवल्या होत्या, आणि एकट्याने एकही नाही. माणसाला ज्या दारातून जायची सवय असते, आग लागली तरी तो त्याच दाराकडे धावतो. बातमीदाराने बटण उडवलं. त्याच्याकडे 'बंद करा' आली. काकूकडे 'चालू ठेवा'. "गेले मी!" काकू कपाळाला हात लावून म्हणाली. "जुनाट सिस्टम बंद करा म्हणून मी वर्षभर सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतेय, आणि माझ्याच पदरात ही म्हातारी!"

बातमीदार रंगात आला. तो म्हणाला, आपण सगळे सिस्टमबद्दल बोलतोय, पण तिच्यापाशी बसलेल्या माणसाचं काय? त्या माणसाचं आयुष्य त्या खुर्चीत चाललंय. जिवंत माणूस घालवून मेलेलं यंत्र जगवणं याला काय म्हणायचं? "शाबास!" काकूच म्हणाली, विरोधी पक्षात असून. तो म्हणाला, चालू ठेवतो ते गरज आहे म्हणून नव्हे; बंद करायचा दोष कोणाला आपल्या डोक्यावर नको असतो, म्हणून. ते भिजत घोंगडं आहे, त्याला सावधगिरीचं नाव देऊ नका. आणि मग त्याने आपल्या आधीच्या कंपनीतली गोष्ट सांगितली. तिथे असाच एक सर्व्हर होता, कशासाठी आहे कोणाला ठाऊक नाही. साहेब म्हणाला, खल कशाला करता, बंद करा आणि कोण ओरडतं बघा. बंद केला. एक दिवस गेला, आठवडा गेला, कोणी ब्र काढला नाही. "कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही हो! एवढी वर्षं वीज खात बसला होता, आणि गेला तर कुणाला पत्ता नाही!" बातमीदार खदखदून हसत होता. त्याच्या हसण्याला काही वाईट वास नव्हता. गोष्ट खरंच हसण्यासारखी होती. पंचाने कपातल्या थंड कॉफीचा घोट घेतला आणि तो घोट बराच वेळ तोंडातच राहिला.

"शेवटचं कोणी कधी वापरलं होतं?" संताने विचारलं. त्याचं दिवसाचं पहिलंच वाक्य असावं ते. "नोंदी बघितल्यात?" सगळ्यांनी पंचाकडे पाहिलं. पंच म्हणाला, "बघून सांगतो." पण त्याला बघायची गरज नव्हती. शेवटचं म्हणजे नवीन घर घेतलं तेव्हा. त्याने सहज म्हणून घराचा नकाशा बाबांना फोनवर पाठवला होता. बाबांनी तो कोणाकडून तरी मोठ्या कागदावर छापून आणवला, रात्री भिंग घेऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज वीस वर्षांनी लहान झालेला. "स्वयंपाकघराचं दार उलटं उघडतंय. ओट्यापाशी उभ्या माणसाच्या पाठीत बसेल. बिल्डरला सांग. आणि न्हाणीघराचा उतार कुठल्या बाजूला आहे, ते विचारून घे, ते यात दाखवलेलं नाही." तो मीटिंगच्या दारात उभा होता. बघतो म्हणाला. नंतर बघितलं नाही. दार उलटंच बसलं, आणि बायकोच्या पाठीत ते अजून बसतं. त्यानंतर बाबांचे जे फोन येत, ते 'कामात नाहीस ना?' असे सुरू होत आणि तिथेच संपत. वापर नव्हता. कोणी बसून नोंदी काढल्या असत्या तर हेच दिसलं असतं. पंधरवड्यापूर्वी तो जाऊन आला तेव्हा बाबांची छाती यंत्राच्या तालावर उठत होती आणि बसत होती, इतकी नियमित, की जन्मभर दम्याने खोकणाऱ्या माणसाची ती वाटेचना. त्याने त्यांचा हात हातात घेतला होता. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये पेन्सिलीचा घट्टा होता, निवृत्तीला एवढी वर्षं होऊनही गेला नव्हता. त्याला त्या घट्ट्यावरून बोट फिरवत बसावंसं वाटलं होतं. पण नर्स आली आणि त्याने हात सोडला.

"आता चालू ठेवा पक्ष," त्याने काकूला खूण केली. काकू पदर खोचल्याचा अभिनय करत उभी राहिली. "माझं म्हणणं एवढंच, की असू दे की बिचारी! एका कोपऱ्यात पडलीय, कोणाच्या अध्यात ना मध्यात. काय, थोडी वीज खाते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दहा वर्षं नाकाला सूत धरून खुर्चीत बसलेत, एक काम करत नाहीत, त्यांना आपण बंद केलं का?" बातमीदार टेबलावर डोकं ठेवून हसला. "शिवाय," काकू म्हणाली, "धुगधुगी आहे. धुगधुगी असली की आशा असते. उद्या एकदम उठून टॅब की स्पेस यावर मत देईल!" संतसुद्धा हसला. भांड की, पंच मनात म्हणत होता. नीट भांड. तुला येतं. मघाशी शुक्रवारसाठी भांडलीस तशी भांड. तिने एखादा मुद्दा उचलला की तो खुर्चीत पुढे सरके, आणि तिने त्याचा विनोद करून टाकला की मागे. शेवटी हात जोडून ती म्हणाली, "जाऊ द्या हो पंच, माझ्याच्याने नाही होत. खरं सांगू? मी असते तर पहिली वायर मीच उपटली असती." पंच अजूनही खुर्चीत पुढे सरकून बसला होता. असं का होतंय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. पंचाने असल्या गोष्टी विचारायच्या नसतात; मत आत घेऊन यायचं नाही, हा त्याचाच नियम. त्याने दोन्ही बाजू मनात एकदा तोलल्या. एका पारड्यात तीन चांगले मुद्दे होते आणि दुसऱ्यात सोसायटीचे सेक्रेटरी. "निकाल," तो म्हणाला, "बंद." बातमीदाराने दोन्ही हात वर केले.

जिन्याच्या वळणावर एक उंच खिडकी होती आणि तिथे कोणी येत नसे. तिथून त्याने ताईला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला. फोन हातातच धरून बसली असावी. मागे ते यंत्र ऐकू येत होतं. "विचार केलास?" ती म्हणाली. "केला." "सगळ्या बाजूंनी?" "सगळ्या बाजूंनी," तो म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. "ताई, बंद करूया." तो बोलत राहिला. तू त्या खुर्चीत झिजतेयस, जिवंत माणसाने असं झिजणं बरोबर नाही. आपण चालू ठेवतोय ते त्यांच्यासाठी नाही, बंद करायचा दोष नको म्हणून ठेवतोय. हे भिजत घोंगडं आहे. शब्द तयार होते, त्याला फक्त ते जिन्यात उभं राहून म्हणायचे होते. मग नाक ओढत ताई म्हणाली, "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील." "म्हणजे?" "काही नाही रे. मी दमलेय. दमलेल्या माणसाच्या मनात काहीही येतं, माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला. म्हणून तर तुला विचारलं. तू एवढं म्हणतोयस तर बरोबरच असेल." ती जरा थांबली. "आयुष्यात पहिल्यांदा ठाम बोललास बघ. बाबांना आवडलं असतं." इथे जागा होती. एवढ्या जागेत माणूस म्हणू शकला असता, ताई, थांब, हे माझं बोलणं नाही; मी रजा काढून येतो, मी बसतो, तू घरी जाऊन झोप. ते वाक्य त्याच्या डोक्यात आलंही नाही. त्याला फक्त एवढंच जाणवलं की त्याला कोणीतरी शाबासकी दिली आहे. "सकाळपर्यंत पोचतो," तो म्हणाला.

सकाळी डॉक्टरांनी फार हळू आवाजात सगळं समजावलं, त्यांनी निर्णय कोणाचा असं विचारलं तेव्हा ताईने त्याच्याकडे बोट केलं, आणि थोड्या वेळाने खोलीतला तो ताल थांबला. लगेच होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. तसं झालं नाही. बाबा स्वतःचा श्वास घेऊ लागले. तोकडा, घरघरणारा, मध्येच अडखळणारा, पण त्यांचा स्वतःचा. खोकऱ्या माणसाचा ओळखीचा श्वास. सकाळ गेली. डॉक्टर येऊन पाहून गेले आणि दारात म्हणाले, "एवढं अपेक्षित नव्हतं." पंचाने विचारलं, "मग आता परत यंत्र...?" डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. ताई पलंगाच्या त्या बाजूला बसली होती. तिने एकदाच वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, हे तुला माहीत होतं का, असं. उन्हं खिडकीतून पलंगावर आली आणि पलंगावरून उतरून भिंतीवर गेली, तोवर बाबा एकटेच भांडत राहिले. मग थांबले.

तो कामावर परत आला त्या दिवशी कोणी वाद काढला नाही. बातमीदाराने बोलायचं म्हणून हात पुढे केला, मग तो हात कुठे ठेवावा ते न कळून मागे घेतला. संत येऊन शेजारी उभा राहिला, गेला. दुपारी कॉफीच्या वेळेला पंच सवयीने काचेच्या खोलीत जाऊन बसला. थोड्या वेळाने काकू आली. तिच्या हातात कप नव्हता. "वाईट झालं," ती म्हणाली. "फार दिवस होते का हॉस्पिटलात?" तो हो म्हणाला. "यंत्रावर होते असं कोणीतरी म्हणालं." "हो." "मग यंत्र...?" "काढलं." तिने मान हलवली आणि ती दाराकडे वळली, आणि वळता वळता थांबली. तिच्या पाठीवरून त्याला दिसलं की ती दिवस जुळवते आहे. बोललेलं विसरणारी बाई नव्हे ती. चूक कुठल्या पायरीवर शिरली हे शोधायचा तिचा धंदाच. ती परत फिरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ती जुनी सिस्टम," ती म्हणाली. पंचाला खोटं बोलता आलं असतं. त्याने मान खाली घातली. काकू समोरच्या खुर्चीत बसली. "मला 'चालू ठेवा' आली होती," ती म्हणाली. "हो." "आणि मी सेक्रेटरीचा विनोद केला." "तुला माहीत नव्हतं." "सांगायचं होतंत ना तुम्ही!" ती एकदम ओरडली. "एक शब्द सांगायचा होता! मी जीव तोडून भांडले असते!"

आणि ती भांडू लागली. आता, त्या रिकाम्या खोलीत. जे काय करतं ते आपल्याला कळत नाही, ते बंद करायचं नसतं, ती म्हणाली. हे मला कळत नव्हतं का, मग त्या दिवशी का नाही सांगितलं? परत चालू होणार नसेल तर घाई करायचीच नाही, आधी सगळं बाकीचं करून बघायचं, हा तर अगदी पहिला धडा. नोंदी नाहीत म्हणजे गरज नाही, असं कोण म्हणतं? वापरणारेच नालायक असतील! "आणि बसणारं माणूस दमलं," ती डोळे पुसत, नाक पुसत म्हणाली, "तर दुसरं माणूस बसवायचं. सिस्टम नाही बंद करायची. दुसरं माणूस नव्हतं का तुमच्याकडे? होतं ना? तुम्ही होतात ना?" पंच ऐकत होता. त्याच्या सवयीच्या मनाने, त्याला नको असतानाही, एकेक मुद्दा घेतला, तोलला आणि पारड्यात ठेवला. शेवटच्या मुद्द्याला पलीकडे काहीच नव्हतं. ती जिंकली असती. त्यात शंकेला जागा नव्हती. आणि ती जिंकावी म्हणूनच आपण त्या दिवशी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो, हे आता त्याला असं लख्ख दिसलं की त्याने टेबलाची कड घट्ट धरली. मत होतं. अख्खा वेळ ते तिथेच होतं, पोटात, आणि तो दुसऱ्या कोणीतरी ते बोलून दाखवायची वाट बघत होता.

"द्या ना आता निकाल," काकू म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि ती स्वतःच घाबरून गप्प झाली. पंचाने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. "चालू ठेवा," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग तो उठून उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, मोठ्याने, कोणाला तरी लांबच्या खोलीत ऐकू जावं म्हणून हाक मारावी तसं, आणि बाहेर हॉलमध्ये माणसं खुर्च्या वळवून काचेकडे बघू लागली. काकूने उठून दार लावून घेतलं.